गंधकाचा वास, ज्वालामुखीचा वायू आणि मधले पाणी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गरम पाण्याच्या कुंडाशेजारी बालपण गेलेल्या आणि अलीकडेच नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावात राहून आलेल्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. सोलफताराच्या विवरातून गावात येणारा गंधकाचा वास आणि आपल्या कुंडावरचा वास एकच वाटतो, मग कोकणाच्या पोटातही ज्वालामुखी आहे का, हा पहिला प्रश्न. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे हे वायू मोजत असतात, तर त्यावरून उद्रेक आधी कळतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘कधी कधी कळतो’ असे आहे, आणि तो कधी कळतो व कधी कळत नाही हे बहुतांशी शिलारस आणि जमिनीचा पृष्ठभाग यांच्या मध्ये असलेल्या पाण्यावर ठरते. गेली तीन दशके मी याच कामात आहे. दोन्ही प्रश्न या पाण्यापाशीच येऊन मिळतात, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी वासाबद्दल. ज्याला आपण गंधकाचा वास म्हणतो तो गंधकाचा नसतो. शुद्ध गंधकाला जवळपास वास नाही. तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो आणि हवेच्या अब्ज भागांत त्याचे काही मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला तो जाणवतो. म्हणजे वास जाणवला याचा अर्थ वायू भरपूर आहे असा होत नाही. शिवाय हा वायू तयार होण्यासाठी शिलारसच लागतो असेही नाही. पाण्यात सल्फेट असेल आणि ऑक्सिजन नसेल तर जमिनीखालचे जिवाणू तो सहज तयार करतात, आणि गरम पाण्याची खडकाशी प्रक्रिया होऊनही तो निघतो. त्यामुळे नुसत्या वासावरून वायूचे मूळ ओळखता येत नाही. ते ओळखायचे तर त्याच्या सोबतीने आलेले बाकीचे वायू पाहावे लागतात.

शिलारसात विरघळलेल्या वायूंमध्ये बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा वाटा पाण्याच्या वाफेचा असतो. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड आणि अगदी थोड्या प्रमाणात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, हेलियम वगैरे. शिलारस वर सरकू लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि हे वायू त्यातून सुटतात, पण सगळे एकाच वेळी सुटत नाहीत. कार्बन डायऑक्साइड शिलारसात सर्वांत कमी विरघळतो, म्हणून तो दहा-दहा किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवरच बाहेर पडायला लागतो. गंधकाचे वायू मुख्यतः शेवटच्या काही किलोमीटरांत सुटतात आणि क्लोरीन-फ्लोरीनचे वायू तर शिलारस पृष्ठभागाच्या अगदी जवळ आल्यावर. आमच्या शास्त्राचा निम्मा डोलारा या क्रमावर उभा आहे. वर येणाऱ्या वायूत गंधकाच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड अचानक वाढला, तर खोलवर ताजा शिलारस आल्याची शक्यता असते. पुढे सल्फर डायऑक्साइड वाढू लागला, तर तो शिलारस वर चढला असे समजता येते. सिसिलीच्या उत्तरेकडील स्ट्रोम्बोली बेटावर 15 मार्च 2007 रोजी मोठा स्फोट झाला. त्याआधीच्या दिवसांत विवराच्या काठावर बसवलेल्या उपकरणाने कार्बन डायऑक्साइड व सल्फर डायऑक्साइड यांचे गुणोत्तर नेहमीच्या पातळीच्या बरेच वर गेल्याचे टिपले होते. पालेर्मोच्या आयुप्पा यांच्या गटाने केलेले ते काम आमच्या क्षेत्रात आजही आदर्श मानले जाते.

परंतु स्ट्रोम्बोलीची नळी उघडी आहे. शिलारसाचा वायू तिथे जवळपास जसाच्या तसा हवेत येतो. जगातल्या पुष्कळ ज्वालामुखींची स्थिती अशी नाही. त्यांच्या माथ्यावर पडलेला पाऊस आणि वितळलेले बर्फ फटींतून खाली झिरपते, शिलारसाच्या उष्णतेने तापते आणि शेकडो मीटर ते काही किलोमीटर जाडीचा गरम पाण्याचा व वाफेचा थर तयार होतो. यालाच उष्णजलीय प्रणाली म्हणतात. खालून येणाऱ्या वायूला याच थरातून वाट काढावी लागते आणि वाटेत त्याचे रूप पालटते. सल्फर डायऑक्साइड पाण्यात गेला की त्याचा काही भाग सल्फ्युरिक आम्ल होतो, काही हायड्रोजन सल्फाइड होतो, काही घन गंधक होऊन फटींतच साचतो. हायड्रोजन क्लोराइड तर पाण्यात इतका सहज विरघळतो की वरच्या वाफेत तो दिसतही नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र मोठ्या प्रमाणात निसटून वर येतो. याचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे: पाणथळ ज्वालामुखीवर सल्फर डायऑक्साइड मोजून तो सापडला नाही, म्हणून शिलारस हललेला नाही असे म्हणता येत नाही. खाली शिलारस आलेला असतो आणि वर पाण्याने त्याची खूण पुसून टाकलेली असते. माझ्या मते नव्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी हीच गोष्ट शिकावी. आमचे बरेचसे काम म्हणजे पाण्याने काय काय काढून घेतले आणि काय मिसळले याचा हिशेब मांडून मूळ वायू कसा होता ते शोधणे.

हा हिशेब मांडायला नमुना चोख असावा लागतो. त्यासाठीची पद्धत मुख्यतः व्हेर्नर गिगनबाख यांनी न्यूझीलंडमध्ये रूढ केली. फ्युमरोल, म्हणजे जमिनीतल्या ज्या भोकातून सतत वाफ येत असते, त्यात टायटॅनियमची नळी खोलवर घालायची आणि भोवतीची फट तिथलीच ओली माती थापून बंद करायची. मग थांबायचे. नळी तापून तिच्यातली सगळी हवा बाहेर ढकलली जाईपर्यंत काही मिनिटे काहीच करायचे नाही. ज्यांना घाई असते त्यांचे नमुने इथेच बिघडतात. त्यानंतर काचेची बाटली जोडायची. तिच्यातली हवा प्रयोगशाळेतच काढून टाकलेली असते, आत कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण असते आणि तिचे वजन नोंदवलेले असते. बाटली उलटी धरून तोटी सावकाश उघडली की वाफ द्रावणातून बुडबुडत वर जाते. पाणी द्रवरूप होते, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू सोड्यात शोषले जातात आणि नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन, हेलियम, आर्गॉन हे न शोषले जाणारे वायू तेवढे मोकळ्या जागेत जमतात. बाटली हातात भराभर तापते, म्हणून तिच्यावर ओले फडके ठेवून ती हलवत राहावे लागते. सुरुवातीला बुडबुडे जोरात येतात, मोकळी जागा भरत गेली की मंदावतात, आणि ते मंदावण्याच्या बेतात असताना तोटी बंद करायची हे अनुभवाने कळते. परतल्यावर बाटली पुन्हा वजन करायची. वाढलेले वजन म्हणजे आत आलेली वाफ व वायू. गंधकाची दोन रूपे वेगळी मोजायची असतील तर द्रावणात कॅडमियमचे संयुग घालतात. हायड्रोजन सल्फाइड आला की बाटलीत गडद पिवळा साका धरतो, आणि पहिल्या काही सेकंदांत तो रंग चढताना पाहणे मला अजूनही आवडते.

याच टप्प्यावर माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली होती. एका मोहिमेत मी आणलेल्या बाटल्यांपैकी निम्म्याहून अधिक बाटल्यांत नायट्रोजन आणि आर्गॉन यांचे गुणोत्तर 84 च्या आसपास निघाले. हे गुणोत्तर हवेचे असते. हवेशी समतोल राखलेल्या पाण्यात ते 38 च्या आसपास असते. म्हणजे मी जमिनीखालचा वायू म्हणून चक्क डोंगरावरची हवा घरी आणली होती. जोडणीच्या रबरी नळीला बारीक चीर गेलेली होती आणि मी निघण्यापूर्वी ती तपासली नव्हती. पुढच्या वर्षी त्याच भोकांवर पुन्हा जावे लागले आणि मधल्या वर्षाची नोंद कायमची हुकली. मालिकेत पडलेले असे खिंडार नंतर कशानेही बुजवता येत नाही, म्हणून तेव्हापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी नळी आधी पाण्यात बुडवून, फुंकून दाखवायला लावतो.

आता सोलफताराकडे वळू. ते विवर काम्पी फ्लेग्रेई नावाच्या विस्तीर्ण ज्वालामुखी खळग्यात आहे. तिथला शेवटचा उद्रेक 1538 चा. त्यातून मोन्ते नुओव्हो ही टेकडी उभी राहिली. तिथली जमीन एखाद्या छातीसारखी वर-खाली होत असते. 1982 ते 1984 या काळात पोझ्झुओलीची जमीन सुमारे 1.8 मीटर वर आली आणि सुमारे 40,000 लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर ती काही वर्षे खचत राहिली आणि 2005 पासून पुन्हा वर येत आहे. आतापर्यंत एक मीटरहून अधिक. सोलफतारातल्या मोठ्या फ्युमरोलचे तापमान 160 अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि त्याच्या वायूत सल्फर डायऑक्साइड नसतो, गंधक असते ते हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात. म्हणजे आपल्या वाचकाच्या नाकापर्यंत जे आले ते शिलारसाच्या वायूचे पाण्यातून गाळून आलेले रूप होते.

मग अशा ठिकाणी काय मोजायचे? जोव्हानी क्योदिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासूनच्या नमुन्यांच्या आधारे कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांचे गुणोत्तर हाताशी धरले. शिलारसाच्या वायूत मिथेन नगण्य असतो. तो पाण्याच्या थरात, ऑक्सिजनचा अभाव असलेल्या परिस्थितीत हळूहळू तयार होतो. खालून शिलारसाच्या वायूचा लोट आला की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मिथेन सौम्य होतो, त्यामुळे गुणोत्तर उसळी मारते. जमीन वर आल्यानंतर काही महिन्यांनी ही उसळी फ्युमरोलमध्ये दिसते, कारण वायूला तेवढा वेळ वाटचालीला लागतो. मला ही सगळी मांडणी फार सुंदर वाटते. मूळ खूण पाण्याने पुसली असली तरी पाण्याने स्वतः घातलेल्या मिथेनमुळेच नवा वायू ओळखता येतो. जमिनीवर घमेल्यासारखे भांडे पालथे घालून मातीतून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड मोजण्याची पद्धतही तिथे खूप वापरली गेली, आणि अलीकडच्या वर्षांत सोलफतारा परिसरातून दिवसाला हजारो टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असल्याचे त्यातून दिसले आहे. एवढे असूनही, जमीन वर उचलणारे बळ नव्या शिलारसाचे आहे की तापलेल्या पाण्या-वाफेच्या दाबाचे, की दोहोंचे, यावर अभ्यासकांत खरा मतभेद आहे. माझा स्वतःचा कल दोन्हींच्या बाजूने आहे. निव्वळ पाण्याच्या दाबावर सगळे ढकलणे मला पटत नाही, कारण इतकी वर्षे हा दाब टिकवायला खालून वायूचा पुरवठा सतत व्हावा लागतो, आणि पुरवठा म्हटले की शिलारस आलाच.

उद्रेक आधी कळण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फिलिपिन्समधल्या पिनातुबोचे आहे. 13 मे 1991 रोजी तिथे सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन दिवसाला सुमारे 500 टन होते, 28 मेपर्यंत ते 5,000 टनांच्या वर गेले. त्यानंतर ते घटले. एखाद्याला वाटले असते की धोका टळला. पण वाहिनी बंद होऊन आत दाब साठत असल्याची ती खूण असू शकते असे तिथल्या पथकाने ओळखले, भूकंपांच्या नोंदींशी ती ताडून पाहिली, आणि 15 जूनच्या महाउद्रेकापूर्वी हजारो लोकांना हलवले गेले. आकडा वाढला म्हणजे धोका आणि उतरला म्हणजे सुटका, असे सरळ समीकरण या कामात नाही.

उलट बाजू दाखवणारी दोन उदाहरणे मला अजून अस्वस्थ करतात. जपानच्या ओंताके पर्वतावर 27 सप्टेंबर 2014 रोजी, शनिवारी, भर दुपारी स्फोट झाला तेव्हा माथ्यावर गिर्यारोहकांची गर्दी होती. 63 जण मरण पावले किंवा बेपत्ता झाले. इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची होती. न्यूझीलंडच्या फाकारी बेटावर 9 डिसेंबर 2019 रोजी स्फोट झाला तेव्हा बेटावर 47 जण होते, त्यातले 22 दगावले. तिथे तीन आठवडे आधी इशाऱ्याची पातळी वाढवलेली होती आणि वायूचे प्रमाणही वाढलेले होते. तरी नेमका दिवस आणि वेळ कोणालाच सांगता येत नव्हती. हे दोन्ही बाष्पोद्रेक होते. त्यात ताजा शिलारस वर यावा लागत नाही. गंधक आणि चिकणमातीने फटी बुजतात, खालचे पाणी उकळबिंदूच्या वर दाबाखाली कोंडले जाते आणि झाकण फुटले की क्षणात वाफ होऊन दगड-राख उधळते. पूर्वसूचना मिळालीच तर अनेकदा मिनिटांची असते. म्हणून मी स्पष्ट सांगतो: उष्णजलीय प्रणाली असलेल्या जागत्या विवरात पर्यटकांना नेण्याचा निर्णय वायूच्या आकड्यांवर टाकू नये. ते आकडे वर्षाचा कल सांगतात, दुपारी दोन वाजताची हमी देत नाहीत. आमच्यातल्या जाणत्यांनाही ती मिळालेली नाही. कोलंबियातल्या गालेरासवर 14 जानेवारी 1993 रोजी झालेल्या स्फोटात नऊ जण गेले. त्यातले सहा शास्त्रज्ञ होते, आणि रशियाचे भूरसायनशास्त्रज्ञ इगोर मेन्याइलोव्ह त्यांपैकी एक.

वायू स्वतःही मारतो, आणि त्यासाठी उद्रेक व्हावाच लागतो असे नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तो सखल जागी साचतो. जावा बेटावरच्या दिएंग पठारावर 20 फेब्रुवारी 1979 रोजी एका लहान स्फोटापासून पळणारे गावकरी दुसऱ्या वाटेवर साचलेल्या याच वायूत शिरले आणि सुमारे 140 जण गुदमरून गेले. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराच्या तळाशी साठलेला वायू 21 ऑगस्ट 1986 रोजी एकाएकी बाहेर आला आणि सुमारे 1,700 माणसे रातोरात मेली. पुढे 2001 पासून तिथे नळ्या बसवून तळाचे पाणी कारंज्यासारखे वर काढून वायू मोकळा करण्यात येऊ लागला. हायड्रोजन सल्फाइडचा धोका वेगळा आहे: त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणून आत पुढे जाणारा माणूस सर्वांत मोठ्या संकटात असतो.

आता कोकणाकडे. पालघर-ठाण्याकडच्या सातिवली, गणेशपुरी, वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशी गरम पाण्याच्या झऱ्यांची रांग आहे, आणि त्यातल्या कित्येक गावांच्या नावांतच ‘ऊन’ पाणी आहे: पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरीतले उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे. राजापूरला पाणी चाळिशीच्या थोडे वर असते, तुरळला साठीच्या घरात, आणि उन्हवऱ्याला सत्तर अंशांच्या आसपास. हा सगळा प्रदेश ज्वालामुखीच्या कातळाचाच आहे, म्हणून शंका येणे स्वाभाविक आहे. पण दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि काही किलोमीटर जाडीचा शिलारसाचा साठा थंड व्हायला काही लाख वर्षे पुरतात. त्या लाव्ह्याची ऊब आज शिल्लक असणे शक्यच नाही.

पाणी तापते ते वेगळ्या कारणाने. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी किंवा काही भागांत त्याहून अधिक वाढते. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि किनारपट्टीत उत्तर-दक्षिण गेलेले खोल विभंग आहेत. पावसाचे पाणी त्यांतून दोन-तीन किलोमीटर खाली जाते, तापते आणि दुसऱ्या फटीने वर येते. पाण्यातल्या सिलिका, सोडियम, पोटॅशियम यांच्या प्रमाणावरून ते खाली किती तापले होते याचा अंदाज काढता येतो, आणि कोकणात हे अंदाज साधारण 100 ते 150 अंशांदरम्यान येतात. शिलारसाच्या शेजारच्या पाण्याचे अंदाज बहुधा याच्या कितीतरी वर, 200 ते 300 अंशांत, जातात. दुसरा पुरावा बुडबुड्यांचा. सोलफताराच्या वायूतून वाफ वजा केली तर उरतो तो जवळपास सगळा कार्बन डायऑक्साइड. कोकणातल्या झऱ्यांच्या बुडबुड्यांत मुख्य वायू नायट्रोजन आहे, सोबत थोडा आर्गॉन आणि हेलियम. तो नायट्रोजन पावसाच्या पाण्याने हवेतून आपल्यासोबत खाली नेलेला आहे.

हेलियमवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. हेलियमचे दोन समस्थानिक असतात. प्रावरणातून आलेल्या वायूत हेलियम-3 आणि हेलियम-4 यांचे गुणोत्तर हवेतल्या गुणोत्तराच्या सुमारे आठपट असते, तर कवचातल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून तयार होणाऱ्या हेलियममध्ये ते हवेच्या शंभरातल्या दोन भागांइतके कमी असते. त्यामुळे हेलियम किती आहे यापेक्षा तो कुठला आहे हे महत्त्वाचे. जुन्या खडकांत भरपूर फिरलेल्या पाण्यातही हेलियम चांगला मिळतो; बंगालमधल्या बक्रेश्वरच्या झऱ्यांत तो इतका आहे की तिथे वर्षानुवर्षे त्याचा अभ्यास चालू आहे, आणि तिथेही जागता ज्वालामुखी नाही. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातले बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर तो 1991 मध्ये पुन्हा उसळला. लडाखमधल्या पुगाला सुमारे 4,400 मीटर उंचीवर पाणी 84 अंशांना उकळताना दिसते, पण तोही ज्वालामुखी नव्हे.

शेवटी, पत्राच्या तळाशी या वाचकाने लिहिले आहे की गावातल्या शाळेतल्या मुलांकडून कुंडाची नोंद ठेवून घ्यायची आहे, त्यात काय मोजावे? हे जरूर करावे. एक अंशाचा दहावा भाग दाखवणारा तापमापक, पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे साधे यंत्र, आणि झऱ्याच्या ओहोळाला ठरावीक मापाची बादली भरायला लागणारा वेळ, एवढे पुरे आहे. महिन्यातून एकदा, एकाच वेळी, आणि पावसाळ्यातही न चुकवता. पावसाळ्यातले आकडे वेगळे येतील आणि वरचे थंड पाणी किती मिसळते ते त्यातूनच कळेल. कुठे भूकंपाचा धक्का जाणवला तर दुसऱ्या दिवशी एक जादा नोंद घ्यावी, कारण अशा वेळी विभंगातल्या वाटा कमी-जास्त उघडतात आणि प्रवाह बदलू शकतो. कुंडावर बांधलेली बंद खोली असेल तर मुलांना आत जाण्यापूर्वी दारे-खिडक्या उघडून ठेवाव्यात. आणि तापमापक अंघोळीच्या टाकीत धरू नये; तळातून बुडबुडे येतात ती जागा शोधून, वाळूत वीतभर खाली खोचून, आकडा स्थिर होईपर्यंत तिथेच धरून ठेवावा.